चौथ्या मजल्याचा हिशेब

चौतीस वर्षं मी ड्रेस्डेनमध्ये विजेचे मीटर वाचले.
गॉर्बिट्झ, प्रोहलिस, नॉयश्टाटच्या मागच्या गल्ल्या.
कुठे तळघरात वाकायचं, कुठे चौथ्या मजल्यावर चढायचं,
टॉर्च मारायची, पाच आकडे वहीत.
आकड्यांना चार सेकंद लागत.
बाकीचा दिवस जिने खायचे.

हे मी थाओला सहज सांगितलं
तर ती खुर्चीतून उठलीच.
हेच, म्हणाली, हेच आम्ही दोन वर्षं
बँकवाल्यांना समजावतोय.

सात नंबरची ट्राम क्लोट्शेला सोडते.
तिथून बेकरीच्या मागे, टायरच्या गोदामाला लागून
सहा माणसांची कंपनी.
पाटी नाही. दारावर नाव छापलेला कागद,
त्याचाही एक कोपरा सुटलेला.

यंत्राला बेरीज जड जात नाही, थाओ सांगत होती,
जड जाते ती ने-आण.
आठवण एका खोलीत, विचार दुसऱ्या,
आणि मधल्या बोळात वीज सांडत राहते.
शहराबाहेरच्या त्या बिनखिडक्यांच्या कोठारांत
रात्रंदिवस आकडे जिने चढतात, उतरतात,
त्यांची धाप निववायला पुन्हा वेगळी वीज,
वेगळं पाणी.
आम्ही एवढंच केलं,
आठवणीच्या खोलीतच विचाराला खुर्ची टाकली.

किती युनिटं जळतात, मी विचारलं. जुनी खोड.
युनिट फार मोठं माप झालं हो, ती म्हणाली,
आणि चालू चिप उचलून माझ्या तळहातावर ठेवली.
वायरी लोंबत होत्या.
पडद्यावर ती कुत्र्याचं भुंकणं
आणि म्हाताऱ्याचा खोकला वेगवेगळा ओळखत होती.
मी चटक्याची वाट पाहत राहिले.
बऱ्याच वेळाने ती कोमट झाली,
तीही माझ्याच उबेने.

फाल्क म्हणाला, आई, अशा दहांतल्या नऊ बुडतात
आणि दहावीला मोठा मासा गिळतो.
माझ्या पोटचा पोर, खोटं कशाला बोलेल?
पण बुडणं मला कुणी शिकवायला नको.
नव्वदनंतर इथले कारखाने एकेक बंद पडले,
मीटरची चकती जागची हलेना,
तरी मी पायऱ्या उतरून जायची
आणि मागचाच आकडा पुन्हा लिहायची.
तीन महिने.
कुणी सांगितलंच नव्हतं थांब म्हणून.

बारा हजार युरो.
लोथार आणि मी जी कॅरावान घेणार होतो,
जी बाल्टिकच्या किनाऱ्यावर उभी राहणार होती,
तिची ही किंमत.
सही करताना पेन चाललं नाही,
थिलोने त्याचं दिलं, ते हिरव्या शाईचं निघालं.

नऊ महिन्यांनी पत्र आलं.
पहिला घाणा कारखान्यातून परतलाय.
शंभरातल्या अकरा जिवंत.
पैसे मार्चपर्यंत पुरतील.
म्युनिकचे कुणी मोठे गुंतवणूकदार यायला तयार आहेत,
ते आले तर तुमचा हिस्सा पातळ होईल,
क्षमस्व.

पातळ होण्याचं काय एवढं.
दोघांचं सूप मी पाच जणांना वाढलंय,
तेही पाहुण्यांना न कळू देता.
नुसतं पाणी उरतं तेव्हा मात्र
पाहुण्यांना कळतं.
हा विचार ट्राममध्ये आला,
आणि वाइल्डर मानच्या चढावर उतरून
घरी परत जावंसं वाटलं.
उतरले नाही. थर्मास जड होता.

ऑफिसात हीटर बंद ठेवलेला, खर्च वाचवायला.
सगळे कोट घालून बसलेले,
थिलोच्या तोंडून वाफ.
मधल्या टेबलावर अकरा चिपा ओळीने चालू,
पहाटेपासून,
आणि एकीवरही कुणाला
हात शेकता येत नव्हता.

मी सहा कप भरले.
मग जुनी वही काढली,
तारीख घातली,
आकडा लिहिला.