वरचा मजला, एक एप्रिलपासून

फॉर्म मीच तयार केला.
मागच्या भाडेकरूच्या बोक्याने कार्पेटला जो वास लावला
त्याने मला बहात्तराव्या वर्षी
माणसं पारखायला शिकवलं.
नाव. नोकरी. आधीचा घरमालक, त्याचा फोन.
आणि खाली जाड अक्षरांत : पाळीव प्राणी आहे का?
असल्यास जात, वय, वजन, लस, सवयी.
सवयींसाठी तीन ओळी सोडल्या.
माणसाच्या सवयींना जागाच नाही, डारका म्हणाली.
मी म्हटलं, असू दे, माणूस सोफा कुरतडत नाही.
आई, बाबांना विसरलीस?
आम्ही दोघी हसलो,
मग तिने तिकडे फोन ठेवला, मी इकडे.

सोमवारी रोसालिंडा मकराएग आली,
इस्पितळातली रात्रपाळी उरकून, डोळे तांबारलेले.
फक्त मासे, म्हणाली, आणि टाकीचं माप सांगितलं.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला :
पाणी, काच, वाळू, दगड.
माझ्या पलंगाच्या बरोबर वर
सहा माणसं, कायमची उभी.
माशांना माझी ना नाही, बाई.
तुळयांना विचारावं लागेल.

मंगळवारी कोडी आणि ब्रिएल, मिसरूडही न फुटलेला तो,
आणि तिच्या बाहीत फेरेट,
ओल्या मोज्यासारखं लांब.
त्यांनी त्याचा बायोडाटा आणला होता, फोटोसकट :
शांत. मनमिळाऊ. चौकशीस हरकत नाही.
एवढ्यात ते मनमिळाऊ सोफ्यात शिरलं
आणि पाऊण तास आम्ही तिघं गुडघ्यांवर,
सोफ्याच्या पोटात हाका मारत.
बाहेर आलं ते दातांत
वासिलचं कानातलं यंत्र धरून,
ज्याच्यावरून आमचं शेवटचं मोठं भांडण झालं.
पोरांना मी नाही म्हटलं.
यंत्र ठेवून घेतलं.

गुरुवारी डेझमंड फ्लेट. साठी उलटलेली.
बूट दाराबाहेर काढले, बर्फ झटकून, टोपी हातात.
'पाळीव प्राणी आहे का?'
नाही.
असं दाबून लिहिलं की खालच्या पानावर उमटलं.
पण पँटच्या डाव्या गुडघ्यावर,
जिथे एखादं डोकं टेकावं,
पांढरे आखूड केस.
रुमाल काढला तर त्याच्याबरोबर बिस्किटाचा चुरा सांडला
आणि तो खाली वाकून एकेक कण वेचायला लागला,
पुरावा उचलावा तसा.
जिना चढताना दर पायरीला थांबला, उंची बघत.
गुडघे त्याचे धडधाकट होते.
वर खिडकीशी उभा राहून विचारलं,
मागचं अंगण कोण वापरतं, मिसेस हनात्युक?
मी समोरच्या खिडकीतून रस्ता बघत होते.
विनिपेगचा मार्च, उणे बावीस.
पलीकडे त्याची निळी गाडी, रिकामी,
आणि इंजिन चालू.
मागची काच आतून धुरकटलेली,
तिच्यावर कुणीतरी नाकाने पुसलेलं
एक गोल.

किती घरं बघितलीत?
अकरा.
अकरा ठिकाणी काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.

कुणी नाइलाजाने खोटं बोलायला लागलं
की वासिल हळूच कानातलं यंत्र काढायचा,
खिशात टाकायचा, आणि मान डोलवत राहायचा.
ऐकू येत नाही म्हटल्यावर समोरच्याला
परत कधी मान खाली घालावी लागायची नाही.
मला वाटायचं, आळशी आहे.
तो काढून ठेवलेला जिन्नस आता माझ्या एप्रनच्या खिशात होता,
सोफ्यातली धूळ अजून तशीच.

मी फॉर्मची घडी घातली. म्हटलं,
मागच्या फाटकाची कडी बसत नाही,
ती तुम्हीच बसवा, तीस तारखेच्या आत.
आणि जिन्यावर मी चटई टाकून घेते.
लाकूड गुळगुळीत आहे, पाय घसरतो,
कुणाचाही.

तो बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिला.
मग घसा खाकरून म्हणाला,
कडी किती उंचावर असावी?

ते तुम्हाला माहीत, मी म्हटलं.
जा आता, गाडीतलं पेट्रोल संपेल.