रविवार मोकळा ठेवा

खारघरचे नऊ होल संपवून, साडेनऊच्या उन्हात,
बुटांची माती न झाडता आम्ही टपरीवर बसलो.
मृदुला खानविलकरने लॅपटॉप उघडला थेट वड्यांच्या कागदावर:
पाच दिवस, चार माणसं, तीन कोर्स, आणि एक पौंड
जो रोज सकाळी आमच्याआधी उठतो आणि वर चढतो.

उन्नी कॅप्टन. तीस वर्षं जहाजांवर, आता नेरुळला तिसऱ्या मजल्यावर.
तो हॉटेलं बघत नाही, वारा बघतो.
'सप्टेंबरात नैऋत्येचा,' म्हणतो, 'वीस नॉट धरून चला.
चेंडू उंच मारायचा नाही. खालून न्यायचा,
उसने पैसे मागायला जातो तसा.'

मी यादीत टाकलं: कानटोपी, व्हिसाचे फोटो, गुडघ्याचा पट्टा.
हॅंडिकॅपचा दाखला लागतो, खेळता येतं याचा पुरावा.
माझा अठ्ठावीस.

हसुराम घरतने चौथा चहा सांगितला.
'लिंक्स लिंक्स चाललंय मघापासून. म्हंजे काय ते सांगा आधी.'
डोंगर नाही, झाड नाही, मृदुला म्हणाली.
समुद्र संपतो आणि शेत सुरू होतं, त्यांच्या मधला पट्टा.
वाळू, खारं गवत. नांगर चालत नाही म्हणून मेंढरं सोडली,
मेंढरांनी गवत खुरटं ठेवलं, मग माणसांना खेळ सुचला.

हसुराम बशीतला चहा तसाच धरून हसायला लागला.
'अरे, ही तं आमची खाजन!
ती बघाला अडीच लाख? इमानान बसून?'

सगळे हसले. मीही,
पण किंचित उशिरा.

ब्याऐंशी साल. सिडकोचा मी नवा सर्व्हेअर,
साखळी, थिओडोलाइट, पिशवीत बाभळीच्या खुंट्या.
उलव्याच्या खाडीकडे, त्याच्या बापाच्या बांधावर
पहिली खुंटी मीच ठोकली.
म्हातारा काही बोलला नाही. लोटाभर पाणी दिलं,
आणि मी पीत असताना खुंटीकडे बघत राहिला,
दारातल्या पाहुण्याच्या चपलांकडे बघावं तसा:
किती दिवस राहणार, याचा अंदाज घेत.

हसुरामला हे माहीत आहे. बारा वर्षं आम्ही एका चौकडीत खेळतो.
पहिल्या होलला तो कधीकधी लाकडी टी माझ्या हातात देतो:
'ठोका साहेब, तुमचा हात बसलेला हाय.'
एवढंच. त्यापुढे कधी नाही.

यादी पुढे सरकली. सगळ्यात जुन्या मैदानासाठी सोडत निघते.
'सिडकोच्या घरांसारखी,' उन्नी म्हणाला, 'फक्त ताबा चार तासांचा.'
गुरुवार लागला तर बरं, शुक्रवार राखीव, शनिवारी दुसरीकडे.
रविवारी मैदान बंद. मृदुलाने चौकोन लाल केला. फुकट गेला.

'बंद म्हंजे कुलूप?'

'नाही रे. खेळ नसतो. गावातले लोक फिरतात,
कुत्री, पोरं, बाबागाड्या.
जमीन गावाची ना, पूर्वीपासून.'

हसुरामने बशी खाली ठेवली.
'गुरचरण,' तो म्हणाला.
बोलीत नाही, सातबाऱ्याच्या मराठीत, माझ्याकडे बघून.

मी तो शब्द नकाशांवर सुवाच्य अक्षरात लिहीत असे.
नंतर त्याच्यावर तिरक्या रेघा मारायचं कामही
माझ्याच टेबलावर आलं.

'सोमवार कापा. हाटेल बारकं घ्या.
माझा एक गेम नसला तरी चालंल. पन रविवार ठेवा.
काठी नाय, बॉल नाय. नुसतं चालाचं,
या टोकापासून त्या टोकाला,
कोन इचारतो का ते बघाचं.'

मृदुलाने लाल रंग पुसला. तिथे काय भरू, विचारलं.
पांडवकड्याकडून थोडा वारा आला,
उन्नीने सवयीने बोट ओलं करून वर धरलं.
मी म्हटलं, लिही: चालणे. माणसं दोन.

'चार,' कॅप्टन म्हणाला,
आणि वड्यांचे पैसे कोण देणार यावरून भांडण सुरू झालं.