चौदा दात

कंपूच्या चढावर चेन दुसऱ्यांदा उडाली
तेव्हा शकीलने कव्हर काढून दाखवलं:
दात सगळे एका अंगाला कललेले,
वाऱ्यातल्या बाजरीसारखे.
"गरारी गई, दीदी."

नट मात्र हलेना.
गाडी गियरमध्ये टाका, म्हणाला,
आणि मागच्या ब्रेकवर उभ्या राहा.
राहिले. ओढणी कमरेला बांधून, सगळ्या वजनानिशी.
त्याने पान्यावर पाइप चढवला,
नटाच्या सात पिढ्या उद्धरल्या,
तेव्हा कुठे तो सुटला.

नवी गरारी शाफ्टच्या खाचांत
सरळ आत गेली, जणू तिथलीच.
आवळताना पुन्हा मी, पुन्हा ब्रेक.
मग वॉशरची पट्टी. जुनी नको,
दोनदा वाकलेला पत्रा तिसऱ्यांदा तुटतो.
छिन्नी टेकवून तीन हलके ठोके,
आणि पट्टी नटाच्या सपाट अंगाला जाऊन भिडली.

"एवढा घट्ट आवळलास, मग ही कशाला?"
"घट्ट आहे म्हणूनच.
सैल नटाकडे लक्ष असतंच कुणाचं तरी."

लष्करपर्यंत दुसऱ्या गियरमध्ये आले,
कान खाली, चेनकडे.
काही वाजलं नाही.
जुनी गरारी मागून घेतली होती, उगाच.
घरी पोचेपर्यंत तिने
पर्सचं अस्तर फाडलं.