ल

निवतीच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर माझं दुकान:
चार्जर, कव्हर, काच बदलून मिळेल,
पाण्यात पडलेला फोन तांदळात न पुरता थेट इथे आणावा.
आत्माराम तारी आला ओहोटीच्या वेळी,
मुलाने मस्कतहून पाठवलेला फोन
पंचात गुंडाळून, ताज्या सुरमईसारखा.

‘ह्यो ल माझो न्हय,’ म्हणाला.

मला वाटलं, डिस्प्ले गेला.
त्याने नखाने दाखवलं. खरंच,
दांडा उजव्या कडेला, आणि उरलेलं अक्षर
त्याला टेकून उभं, एसटी चुकलेल्या माणसासारखं.
एकतीस वर्षं यानं होड्यांवर नावं रंगवली.
याचा ल म्हणजे नांगर. दांडा मधोमध,
दोन्हीकडे सारखं वजन.
मी रोज ल लिहिते,
माझ्या आडनावात आहे,
आणि आजवर कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मग सगळी दुपार फॉन्टात गेली.
सेटिंग, डिस्प्ले, अक्षरशैली.
थीमच्या दुकानात सगळी इंग्रजी नक्षी,
मराठीपाशी आलं की तोच टेकलेला ल.
बाहेरून फाइल उतरवली. फोन अडला:
स्रोत अज्ञात आहे. विश्वास ठेवायचा?
‘तेकाच इचार गो,’ तारी म्हणाला, ‘तू खयचो?’

पहिल्या फॉन्टने ‘लक्ष्मी’चे तुकडे केले,
पाय मोडलेला क, पाय मोडलेला ष,
पंख्यात सापडलेलं जाळं जसं.
दुसऱ्यात ‘वाऱ्यावर’ लिहिलं
तर र ची पापणीच गळून पडली.
तिसऱ्याने जागोजाग रिकामे चौकोन मांडले,
लिलाव संपल्यावरचे क्रेट,
आणि ‘मागे जा’ हेही एका चौकोनातच होतं,
कुठल्या ते कळेना.
अंदाजाने दाबत गेले,
अंधारात खाडीच्या तोंडाशी होडी घालावी तशी.

चौथा. फोन बंद, फोन चालू.
काळा पडदा, कंपनीचं नाव,
मग इतका वेळ काही नाही
की मी मनात भरपाईचा आकडा मांडला.
मग: कॉल. अलार्म. लॉक. गॅलरी.
सगळीकडे नांगर पडलेले.

तो हसला नाही. चष्मा पुसला,
आणि एका बोटाने, जपून, मुलाला लिहिलं:
ल बघ.

मस्कतहून उत्तर आलं:
काय बघू? नेहमीसारखाच आहे.

मला सांगावं लागलं.
फॉन्ट तुमच्या फोनपुरता असतो, काका.
त्याला त्याच्या फोनच्या अक्षरात दिसणार.
तो बराच वेळ बाहेर बघत बसला.
जेटीवर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
‘म्हंजे अक्षर हयच रवला,’ म्हणाला,
‘नुसतो शब्द गेलो.’
आणि मग, माझ्यावर दोष नको म्हणून की काय:
‘होडी जाता तेवां अक्षर घेवन जाता.’

स्क्रीनशॉट काढून पाठवता येतो, मी म्हटलं.
‘नको. फोटो काय, खयचोय येता.’
साठ रुपये सांगितले, त्याच्याकडे पाचशेची नोट.
राहू दे म्हटलं, उद्या द्या.

सोमवारी शटर उघडायला आले
तर दारात रॉकेलचा वास.
वर माझा फ्लेक्स, कुडाळहून छापून आणलेला,
‘मोबाइल रिपेअरिंग’,
त्यातला एकच ल
होडीच्या निळ्या ऑइल पेंटने बुजवून
नव्याने काढलेला, मधोमध दांडा.
फ्लेक्सवर हा रंग टिकत नाही,
खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात पापुद्रे सुटतील,
त्यालाही ते माहीत असणार.

मी स्टुलावर चढून बोट लावलं.
ओला होता.
दिवसभर जो फोन हातात घेतला
त्याच्या काचेवर थोडा थोडा निळा.