मट्टीचं रोप, एक

मानस म्हणजे मन नव्हे.
आमच्या चोडणात मानस म्हणजे बांधातलं दार,
नदी आणि शेत यांच्या मधलं.
कडी नाही, कुलूप नाही.
भरती आली की नदीच ते खांद्याने लोटून लावते,
ओहोटी लागली की आतलं पाणी उघडतं.
माणसाने करायचं एवढंच:
लाकूड कुजू द्यायचं नाही.

एवढंच जमलं नाही आम्हाला.

श्रावणात, पुनवेच्या भरतीला
खालची फळी गेली.
शाणू बांधावरून ओरडत आला
तोवर कोरगूट गुडघाभर खाऱ्यात.
कोरगूट सोसतं, खारं पिऊनच वाढलेलं भात ते,
पण सोसण्याचेही दिवस मोजलेले असतात.
चौथ्या दिवशी पात पिवळी पडली
आणि वाफ्यांतून काळुंदरं फिरू लागली,
सातबारा जणू त्यांच्याच नावावर.

दाराला मट्टीच लागते.
सागवान मिरवतो. मट्टी पाण्यात गप्प राहते.
वखारवाला हसला: "मट्टी? फायबरचं करा की!"
इनास म्हणाला, वही बघ.

वह्या माझ्याकडे. मी चिटणीस,
डांबरगोळ्यांच्या वासाचा धनी.
चिखल काढणाऱ्यांची मजुरी,
मानशीच्या मासळीचा लिलाव,
खेकड्यांनी पाडलेली भोकं, बुजवली, बावीस,
आणि मध्येच, सन सत्तावन्न, जांभळी शाई, वाकडं अक्षर:
"मानशीच्या दारासाठी डोंगरावर, विहिरीच्या वर,
मट्टीचं रोप, एक.
खर्च: नाही."

वर गेलो. होती.
दोघांच्या कवेत न मावणारी,
साल म्हणजे थेट मगरीची पाठ.
पाच हातांवर कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण,
पलीकडे निळी टाकी, पोहायची.

कुणी लावली? नाव नाही.
आदल्याच पानावर नव्या दाराचा खर्च आहे.
म्हणजे त्याने दार बसवलं,
आणि हातावरचा चिखल वाळायच्या आत
डोंगर चढून
पुढचं दार लावलं.

वनखात्याच्या परवानगीला अकरा आठवडे.
पाडायला एक सकाळ.
दार बसलं, नारळ फुटला,
नदीने खांदा लावून पाहिला, मागे सरली.
रात्री मी आकडे लिहायला बसलो:
सुतार, खिळे, टेम्पो, नारळ, चहा.
बेरीज मारली.
खालची ओळ रिकामी.

सत्तावन्नपासूनच्या वह्या काढल्या.
पहाटेपर्यंत उलटत होतो.
दुसरं रोप नाही. कुठेच नाही.
इतकी वर्षं आम्ही एका झाडाच्या भरवशावर झोपलो
आणि ते झाड आहे
हेही विसरून झोपलो.

पहिलं रोप शाणूच्या बकरीने खाल्लं.
(शाणू म्हणतो, बकरी त्याची नव्हती.)
दुसरं एप्रिलच्या वणव्यात.
तिसऱ्याला मी आळं करत होतो
तर कुंपणापलीकडून बंगल्याचा माळी विचारतो,
"ये तो आसन है ना?"
मंगरा नाव. झारखंडचा.
त्याच्या गावी या झाडावर रेशमाचे किडे पोसतात,
म्हणे लहानपणी कावळे हाकलत बसायचा.
आता रोज संध्याकाळी
मालकाच्या टाकीत पाणी सोडण्याआधी
नळी एकदा तारांतून अलीकडे काढतो.
मालकाला ठाऊक नाही. वहीतही लिहिलेलं नाही.

रोप माझ्या गुडघ्याला लागतं.
माझे गुडघे आता डोंगराला भितात.
म्हणून आज नोंद केली, निळ्या बॉलपेनने,
अक्षर शक्य तेवढं सरळ:

मानशीच्या दारासाठी मट्टीचं रोप, एक.
खर्च: नाही.
जागा: बंगल्याच्या कुंपणापासून पाच हात.
तोवर बंगला नसेल
तर विहिरीपासून मोजावं, वरच्या अंगाला, चाळीस पावलं.
विहीर असेल
असं धरून लिहितो आहे.