अंगठ्याची बाजू

उणे अठरा. सोत्कामोचं तळं
दगडासारखं गोठलेलं.
ओइवामामा म्हणाला, आधी वारा बघ.
मग मागे बघ, कोण येतंय.
मग एक नाकपुडी दाब आणि दुसरी सोड,
एकदाच, पोटातून.
अर्धवट शिंकरलेलं नाक
अर्धवट मारलेल्या थापेसारखं,
तोंडभर पसरतं.

मी आठ वर्षांची. स्की माझ्याहून उंच.
दुसऱ्या किलोमीटरलाच नाकी नऊ आले
आणि नऊच्या नऊ वाहू लागले.

शाळेत बाई रुमाल तपासायच्या,
चार घड्या, कोपऱ्यात नाव.
इथे खिशातून बाहेर काढून
एकदा पुसला, की त्याचा पत्रा होतो.

मामाने हातमोजा पुढे केला:
अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलचा तुकडा,
आयलीमामीने शिवलेला,
ह्याच्यासाठीच, दुसऱ्या कशासाठी नाही.
नाक रडत नाहीये, तो म्हणाला,
कामावर आहे.
एवढी थंड हवा छातीत सोडण्याआधी
तिला ऊब देतंय, ओल देतंय.
राबणाऱ्याला घाम येणारच.

हे मला जन्मभर पुरलं.
भर शर्यतीत, फलक धरून उभ्या माणसांसमोर
शेंबडी म्हणवून घ्यायला मी लाजले नाही.
चुकले एकदाच.
कायानीला, शेवटच्या चढावर,
मागे बघायचं राहिलं
आणि हिल्काचा चष्मा...
तरी ती दुसरी आली. मी चौथी.
अजून बोलते माझ्याशी,
जरा अंतर राखून.

आता मी त्रेपन्न.
डॉक्टरीणबाई म्हणतात, निघण्याआधी
नाकात एक फवारा मारत जा.
मारते. अर्ध्या वाटेपर्यंत पुरतो.
पुढची वाट मामाची.

गेल्या आठवड्यात मामीने
त्याचं कपाट रिकामं केलं.
हातमोजे माझ्याकडे आले.
बोटं सगळी धडधाकट,
फक्त उजव्या अंगठ्यावरचा तुकडा
झिजून जाळी झालेला.
तीनदा धुतलेत गं, ती म्हणाली,
नाक मुरडू नकोस.

आज पहाटे तळ्यावर आले.
मोजा सैल होतो, अंगठा मात्र
बरोबर जागेवर बसतो.
मधोमध थांबले.
वारा डावीकडून.
मागे बघितलं.
कोणी येत नव्हतं.
मग डावी नाकपुडी दाबली.