उजवीकडे कुणी नसलं तरी

बिबवेवाडी शाखेतून ढोबळ्यांचा फोन,
सहा वाजून दहा मिनिटांनी, बरोब्बर निघायच्या वेळी:
"मॅडम, सभासद दिसतोय. वारसांचं पान फुटतंय."
काचेसारखं फुटतंय, की पेपरसारखं,
विचारलं नाही.

कर्वेनगरात झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस,
खालून पीएमटी वळली की मॉनिटर हलतो.
लॉग उघडला. तेच जुनं वाक्य:
सेशन नाही.

म्हणजे असं, की सभासद मागितला तर सभासदच येतो.
नाव, पत्ता, खाते क्रमांक, ठेवीची तारीख.
वारसांच्या जागी नुसती एक चिठ्ठी:
लागतील तेव्हा सांगा, आणून देतो.
शहाणपणाचंच आहे, उगाच ओझं कोण वाहील?
पण चिठ्ठी देणारा काउंटर बंद करून गेला
आणि आपण पान छापता छापता विचारतो, वारस?
दुपारी सव्वा वाजता
अर्ध्या शटरखालून हाक मारावी तसं.
पुण्यात हे फार समजावून सांगावं लागत नाही.

डीबगर लावला. आत, सेशन उघडं असतानाच थांबले.
बाण वारसांवर नेऊन ठेवला, तर
आले की! दोन मुलगे, एक सून, टक्क्यांसकट.
पान छापलं. एरर नाही.
न थांबता चालवलं. एरर.
पाऊण तास गेला कळायला
की माझं बघणंच त्यांना बोलावून आणत होतं.

मुबीन म्हणाला, सगळं आधीच आणून ठेव, ईगर कर
आणि चहाला चल.
केलं.
एक सभासद मागितला,
त्याच्यामागून वारस, जामीनदार, जामीनदारांचे जामीनदार,
त्यांच्या शाखा, शाखांचे झाडून सगळे सभासद,
पत्रिका एकाला दिली आणि पंगतीला गाव बसलं.
सर्व्हरने मान टाकली.

मग लूपमध्ये एकेकाचे विचारून पाहिले.
तीन हजार चारशे बारा सभासद,
तीन हजार चारशे तेरा खेपा.
तांब्याने हौद भरतोय, आणि भरणारी मीच.

साडेनऊला क्वेरी नीट लिहिली,
ह्या पानापुरती, जॉइन लावून, एका खेपेत सगळं.
पान उघडलं. झटकन.
ढोबळ्यांना कळवणार, तेवढ्यात खालच्या बेरजेकडे लक्ष गेलं:
तीन हजार तीनशे एक्कावन्न.

एकसष्ट माणसं गेली कुठे?

एकेक नंबर काढत गेले.
१८०६. मंदाकिनी घोटवडेकर, अप्पर डेपोच्या मागे,
ठेव चाळीस हजार. वारस, कुणी नाही.
२२९०. भिकोबा तारू. कुणी नाही.
२३११. कुणी नाही.
जॉइनला जोडायला समोर कुणी सापडलं नाही
म्हणून त्याने माणूसच गाळला.
हूं की चूं नाही.
संध्याकाळपासून ज्या एररला शिव्या घातल्या
ती निदान ओरडली तरी होती.

एक शब्द घातला: लेफ्ट.
उजवीकडे कुणी नसलं तरी
डावीकडचा माणूस यादीत राहू दे,
एवढाच त्याचा अर्थ.
चार वर्षं मी तो सवयीने लिहीत आले होते,
आज नेमका विसरले.

तीन हजार चारशे बारा.
घोटवडेकरबाईंच्या नावासमोर आता एक रिकामी यादी येते.
मघाची चिठ्ठी नव्हे ती.
जाऊन, शोधून, मोजून आणलेली,
शून्य लांबीची.

ढोबळे अजून जागेच. ऐकून घेतलं, म्हणाले,
"तारू ना? रोज येतो की. पासबुक भरून घेतो
आणि पंख्याखाली बसतो तासभर."
मग जरा थांबून,
"मोकळी जागा सोडू नका हो, बरं दिसत नाही.
निरंक लिहा."